अंगठा, सही आणि वाचन

प्रौढांना वाचायला शिकवणे चांगले की वाईट, याबद्दल आपल्या मंडळ्यांत वाद होण्याचे कारण नाही. जी मंडळी पवित्र शास्त्राच्या वाचनावर उभी आहे, तिने निरक्षराला अक्षर शिकवावे हे ओघानेच आले. प्रश्न निराळा आहे. कोठपर्यंत शिकवले म्हणजे आपले कर्तव्य झाले?

पुष्कळ ठिकाणी ते सहीपाशी येऊन थांबते. महिना-दीड महिना वर्ग चालतो, बाई आपले नाव लिहू लागते, फोटो निघतो, आभार मानले जातात. आम्हाला हे नुसते अपुरे वाटत नाही, धोक्याचे वाटते. अंगठा उठवणाऱ्याभोवती निदान एक कुंपण असते. बँकेत त्याच्या अंगठ्याला साक्षीदार लागतो. पुढे तंटा झालाच तर मजकूर त्याला वाचून दाखवला होता का, हे विचारले जाते. तोच माणूस सही करू लागला की जग समजते, याने वाचूनच सही केली. कर्जाचा कागद असो, खरेदीखत असो, खाली सही येते आणि वरचे एक वाक्यही त्याला कळलेले नसते. म्हणजे जुने कुंपण आम्ही काढून घेतले आणि नवे दिले नाही. जनगणनेतही नुसती सही करणारा साक्षर धरत नाहीत. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता आले पाहिजे. सरकारचे माप मंडळीच्या मापापेक्षा कडक असावे, हे आपल्याला शोभत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायातील कूशी अधिकाऱ्याची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये बहुधा बाप्तिस्म्याच्या निमित्ताने शिकवतो. शिक्षकांनी ती एकदा वाचनाच्या दृष्टीने पाहावी. तो गृहस्थ निरक्षर नव्हता. यशयाचा ग्रंथ मोठ्याने वाचत होता. उणीव होती ती समजण्याची, आणि फिलिप्पाने प्रथम विचारले ते तेच. त्याने बोलावल्यावर फिलिप्प रथात चढून त्याच्या शेजारी बसला आणि जो भाग त्याच्या हातात होता तेथूनच आरंभ केला.

शिकायला येणाऱ्या बाईच्या हातात काय असते? रेशनकार्ड, विजेचे बिल, मुलाच्या शाळेची चिठ्ठी, औषधाची बाटली. आरंभ तेथून व्हावा. पहिल्या दिवसापासून शुभवर्तमानच द्यावे असा काही बंधूंचा आग्रह असतो. त्यांची कळकळ आम्ही जाणतो, पण इतर धर्माच्या शेजारणीला वाचन शिकवतो म्हणून बोलवायचे आणि ती बसल्यावर दुसरेच पुढे ठेवायचे, यात सरळपणा नाही. तिने आपण होऊन मागितले तर गोष्ट वेगळी. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतरात घालवली. त्या १९२२ साली वारल्या. ते श्रम समजून वाचणाऱ्यांसाठी होते.

आणि वर्ग शक्य तर सार्वजनिक वाचनालयात भरवावा. चर्चच्या हॉलमध्ये पाऊल टाकताना कोणी बिचकते. मुलांच्या बाकावर बसताना पन्नाशीच्या माणसाला लाज वाटते. वाचनालयात सगळेच काहीतरी वाचत बसलेले असतात, तेथे कोण अंकलिपीवर आहे हे कोणी बघत नाही. शिवाय पहिले पुस्तक संपल्यावर दुसरे तेथेच मिळते. वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले अक्षर पुसून जाते. सयाजीराव महाराजांनी हे ओळखले होते. सक्तीच्या शिक्षणापाठोपाठ त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून मोफत ग्रंथालये उभारली, खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. आमच्या बडोद्याच्या वाचकांना हे नवे नाही.

समजून वाचणे दीड महिन्यात येत नाही. कामधंदा सांभाळून येणाऱ्याला वर्ष सहज लागते. ज्या तरुणाला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वर्षभर देता येत नाहीत, त्याने वर्ग उघडू नये. त्याने वर्गाच्या वेळी शिकणाऱ्या आयांची मुले सांभाळावीत. त्या कामाला माणूस कधीच पुरत नाही.