चेपलेला पैसा

पैसा मिळवावा, जपावा, वेळ पडली तर खर्चावा, मन मोठे असेल तर देऊनही टाकावा. पैशाचे एवढेच उपयोग आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. धड नाणे मुद्दाम निकामी करावे आणि ते निकामी करून घेण्यासाठी त्याच्या पन्नासपट रक्कम वर मोजावी, हा व्यवहार त्यांच्या कोणत्याच खातेवहीत बसला नसता. परंतु अमेरिकेत तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सुखाने चालला आहे. आणि तो करणारी माणसे काही वेडी नव्हेत. एरवी हीच माणसे चार-दोन सेंटांच्या सवलतीसाठी वर्तमानपत्रातली कुपने कापून दुकानात नेतात.

मी म्हणतो आहे ते चेपलेल्या पेनीविषयी. पेनी म्हणजे अमेरिकेचा एक सेंट, डॉलरचा शंभरावा भाग. तांबूस रंगाचे, पाऊण इंच व्यासाचे हे नाणे. १९०९ पासून त्यावर अब्राहम लिंकनचा चेहरा आहे. हे नाणे दोन पोलादी रुळांमध्ये घालतात. एका रुळावर चित्र उलटे कोरलेले असते. मूठ फिरवली की उसाचे कांडे चरकात जावे तसे नाणे आत ओढले जाते आणि लांबट, पातळ, पानासारखे होऊन दुसरीकडून खाली पडते. लिंकन जातो आणि त्याच्या जागी एखादा किल्ला, एखादा हत्ती, नाहीतर तो जगप्रसिद्ध उंदीर उमटतो. वजनात गुंजभरही फरक पडत नाही. धातू होता तेवढाच राहतो. जाते ती फक्त किंमत.

ही कल्पना प्रथम लोकांपुढे आली ती शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एकीकडे वैराग्याच्या देशातला संन्यासी बोलतो आहे आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, लोक हौसेने पैसे देऊन पैसा चेपून घेत आहेत, ही मौज इतिहासानेच जमवून आणली. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर त्याच्यावर कृत्रिमपणाचा आरोप झाला असता. पुढे ही यंत्रे वस्तुसंग्रहालयांत गेली, धबधब्यांच्या काठी गेली, आणि कॅलिफोर्नियात १९५५ साली व फ्लॉरिडात १९७१ साली डिस्नेची मायानगरे उभी राहिल्यावर तिथल्या प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

माझ्या धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड फ्लॉरिडात आहे. २०१९ च्या मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, मी आईला घेऊन तिच्याकडे गेलो होतो. मायानगर पाहिल्यावाचून परत जाऊ देणार नाही, असे भाचीने बजावले होते. तिचे वय तेव्हा अकरा. तिच्याजवळ एक लहानशी वही होती. तिच्या पानांना खिसे होते आणि प्रत्येक खिशात एक चेपलेली पेनी. यंत्रात पाव डॉलरची दोन नाणी टाकायची, तिसरी पेनी स्वतःची घालायची आणि मूठ फिरवायची. एकावन्न सेंट, म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले साधारण ३६ रुपये.

आईने पहिले नाणे चेपताना पाहिले आणि तिचा चेहराच उतरला. "अगं, लक्ष्मी ना ती? तिला रगडताय काय?" ती म्हणाली. चुकून नाण्याला पाय लागला तर ते उचलून डोळ्यांना लावणारी ती बाई. मेहुण्यांनी हसून विषय टाळला. माझ्या मनात मात्र निराळेच त्रैराशिक चालू होते. दिवसभरात वीस नाणी झाली तर सातशे वीस रुपये. माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुलांच्या वर्षभराच्या वह्या त्यात येतील. हे त्रैराशिक खरे आहे, परंतु फारसे उपयोगाचे नाही. ते मांडायला बसले तर फुलाचा गजराही घेता यायचा नाही आणि दिवाळी अंकही विकत घेता यायचा नाही. आईचा आक्षेप मात्र तसा सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. नाणे ही चार माणसांच्या विश्वासाची वस्तू आहे. ती एकट्याच्या हौसेसाठी मोडण्याचा अधिकार कोणाला, असा तिचा प्रश्न होता. शब्द तिचे निराळे, एवढेच.

कायदे या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी देतात. अमेरिकेचा कायदा म्हणतो की फसवणुकीच्या हेतूने नाणे बदलणे हा गुन्हा. गंमत म्हणून चेपाल तर चेपा. आपला २०११ चा नाणेविषयक कायदा कडक आहे: नाणे वितळवले किंवा नष्ट केले तर सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे भाचीची वही इथे तयार झाली असती तर ती गुन्ह्याचा पुरावा ठरली असती.

परंतु आईच्या देव्हाऱ्यात काय आहे? पंचम जॉर्जच्या चेहऱ्याचे चांदीचे दोन रुपये. लक्ष्मीपूजनाला ते दुधापाण्याने धुऊन पाटावर मांडले जातात आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा डबीत जातात. मूळचे पाच होते. १९७२ च्या दुष्काळात आजीने तीन सोनाराकडे नेले. बाजारातून काढून घेतलेले आणि ज्यांना कोणी खर्चत नाही असे हे रुपये. मग ते आणि भाचीची पेनी यांत अंतर ते काय? अंतर आहे. देव्हाऱ्यातला रुपया परत जाऊ शकतो. आपण त्याची पूजा करतो, परंतु त्याची पाठ बाजाराच्या दाराला टेकलेली असते. दुष्काळ आला की तो उठून चालू लागतो. चेपलेल्या पेनीला परतीची वाट नाही. ती मोडली ती मोडलीच. आणि ज्याला दुष्काळाची भीती नाही त्यालाच परतीची वाट बुजवणे परवडते, हेही इथेच सांगून टाकलेले बरे.

असे मी म्हणतो खरा, परंतु मला लगेच आमच्या गावच्या फाटकाजवळची मुले आठवतात. ऐंशीच्या दशकात ती अॅल्युमिनियमचे पाच पैसे रुळावर ठेवीत आणि गाडी जाईपर्यंत घाणेरीच्या झुडपांमागे दडून बसत. गाडीखाली सापडलेल्या पैशाचे लोहचुंबक होते अशी एक ठाम समजूत होती. अॅल्युमिनियमचे लोहचुंबक कसे होणार, हे सांगणारा मास्तर त्यांना अजून भेटलेला नव्हता. (हा प्रकार जिवाला घोर लावणारा आहे आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तो कधीही करू देणार नाही.) गाडी गेली की ती धावत जाऊन खडीत तो पत्रा शोधीत. कधी सापडे, पुष्कळदा सापडत नसे. पाच पैसे म्हणजे तेव्हा एक गोळी. त्या मुलाच्या हातात दिवसभरात पुन्हा पाच पैसे येण्याचा संभव नव्हता. म्हणजे त्याने गोळी दिली आणि गाडी आपल्या पैशावरून गेली एवढी खूण घेतली. दुष्काळाची भीती ज्याच्या घरात रोजची, त्यानेच परतीची वाट बुजवली होती.

मायानगरातल्या यंत्राविषयी माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. ते तेव्हा पन्नास सेंट घेत होते, परंतु कोणाची गोळी घेत नव्हते. पेनीला अमेरिकेत काहीच मिळत नाही. ती खिशातले ओझे आहे. त्यागाचा आकार तेवढा शिल्लक ठेवून त्यातला त्याग काढून घेतलेला आहे. शिवाय वहीचे रिकामे खिसे मुलाला स्वस्थ बसू देत नाहीत. पहिल्या दिवशी भाची किल्ला पाहून मग यंत्राकडे धावत होती. दुसऱ्या दिवशी यंत्रे कुठे कुठे आहेत याची यादी तिच्या हातात होती आणि किल्ला वाटेत लागला तर लागला. आठवणी गोळा करण्याच्या घाईत आठवावे असे काही घडायला सवड उरत नव्हती. यात मुलीचा दोष नाही. एका खेळाची चार चित्रे, चार चित्रांचा एक संच, हे ज्याने ठरवले त्याला मुलांचे मन उत्तम कळते. कित्येक शिक्षकांना कळते त्याहून अधिक.

त्याच दुपारी आईने एक नाणे चेपले. उन्हाने ती दमली होती, दुकानात थंडावा होता, आणि भाचीने हट्टच धरला, "आजी, हे एक तू फिरव." आईने आधी पेनी डोळ्यांना लावली आणि मग यंत्रात घातली. मूठ जड असते. अर्ध्यावर तिचा हात थांबला, मग भाचीने तिच्या हातावर हात ठेवून उरलेली फेरी पुरी केली. नाणे वाकडे निघाले. हत्ती कडेला सरकला आणि मागच्या बाजूला लिंकनचे कपाळ व नाक ताणलेले, पुसट, परंतु ओळखू येईल असे राहिले. आईने ते तळहातावर घेतले. "अजून दिसतोय गं तो," ती म्हणाली. तिला बरे वाटलेले दिसले.

घरी आल्यावर तिनेच ती सारी नाणी चिंचेने घासून दिली. तेव्हा कळले की काही नाणी लखलखीत निघतात आणि काहींवर पांढुरके ओरखडे राहतात. १९८२ च्या मध्यापर्यंत पेनी जवळजवळ सगळी तांब्याची होती. नंतर ती जस्ताची झाली आणि वर तांब्याचा पातळ मुलामा आला. चेपताना तो मुलामा फाटतो आणि आतले जस्त उघडे पडते. म्हणून जाणते संग्राहक जुनी नाणी निवडून नेतात. आईने पितळेच्या भांड्यांना लावावी तशी चिंच लावली, परंतु फाटलेल्या मुलाम्यावर चिंच काय करणार?

मेहुणे स्वभावाने नीटनेटके. तो हत्ती वाकडा म्हणून संच बिघडतो, असे त्यांना वाटले. ही नाणी संग्राहकांत विकली जातात, बदलली जातात. टपालाने दुसरे मागवता येते. त्यांनी तसे सुचवले. भाची म्हणाली, "नको बाबा, ते आजीचं आहे." वही मिटून ती उठून गेली. त्या वहीतली बाकीची नाणी कोणाचीही असू शकली असती. हे एकच असे होते की ज्यात कोणीतरी काही घातले होते: पन्नास सेंट नव्हे, तर आपला एक जुना संकोच आणि दमलेल्या हाताची अर्धी फेरी. यंत्राच्या मालकाच्या हिशेबात तो खराब माल होता.

आता पेनीच संपत आली आहे. ती पाडायला सरकारला एका नाण्यामागे साडेतीन सेंटांहून अधिक खर्च येऊ लागला, आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. आधीची अब्जावधी नाणी चलनात आहेतच, त्यामुळे यंत्रे उद्या उपाशी पडणार नाहीत. पण काही यंत्रांत गिऱ्हाइकाला स्वतःची पेनी घालावीच लागत नाही; आत चकत्या भरलेल्याच असतात. पैसे द्या, चित्र घ्या. त्या चकतीवर आधी कोणाचा चेहरा नसतो, ती कोणाच्या खिशातून आलेली नसते, तिला काही मिळाले असते असेही नाही. चित्र मात्र अधिक स्वच्छ उमटते, असे म्हणतात. आणि ते खरेही असेल, कारण पुसण्यासारखे खाली काही नसतेच.