शूनेमच्या बाईचें मेज

शूनेम येथील बाईनें आपल्या नवऱ्यास सांगून अलीशासाठीं माडीवर लहान खोली करविली व तींत खाट, मेज, आसन व दिवा ठेविला (२ राजे ४). अलीशानें कांहींच मागितलें नव्हतें. थकलेल्या माणसास रात्रीं काय लागेल, याचा विचार तिनेंच केला.

आम्ही मात्र घाई केली. मंडळींतील एका आजारी वडिलांच्या उशाशीं ठेवावयास ओल्या बाभळीचें मेज खिळे ठोकून उभें केलें, प्रार्थना केली व घरीं आलों. ओलें लांकूड वाळतांना आकसतें. लवकरच खिळे सैल होऊन पाय डगमगूं लागले, आणि एके रात्रीं पाण्याचा तांब्या लवंडला. वडील पहाटेपर्यंत तहानलेले राहिले, पण त्यांनीं कोणास हांक मारिली नाहीं. हें आम्हांस त्यांच्या सुनेकडून कळलें. आजाऱ्याच्या घरीं प्रार्थनेस जाणाऱ्या बंधूंनो, आधीं त्याचा तांब्या कोठें आहे तें पाहा.

मग आम्ही वाळलेला साग आणिला. पायांस चौकोनी भोकें पाडून आडव्या पट्ट्यांचीं कुसवें त्यांत घट्ट बसविलीं. वरची फळी खाटेच्या उंचीची ठेवून तिला बोटभर काठ लाविला. चार दिवस लागले. मेज उशाशीं ठेवितांच वडिलांनीं निजल्यानिजल्याच हात लांब करून तांब्या उचलला व पुन्हां जागेवर ठेविला. आम्हांस ते कांहीं बोलले नाहींत.