रिकामेपणाचे सामर्थ्य

वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या गावांत भंगारात किलोच्या भावाने जाणारा जुना रेडिओ आणि धूळ ओढणारे यंत्र, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, या दोन वस्तू वरवर असंबद्ध वाटल्या, तरी त्यांचे मर्म एकच आहे. जुन्या रेडिओतील व्हॉल्व्ह ही हवा काढून घेतलेली काचेची नळी असते. तिच्यातील तापलेल्या भागातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांना हवेचा अडथळा होत नाही, म्हणूनच क्षीण संदेश सबळ होऊन कानी पडतो. ह्युबर्ट सेसिल बूथ यांनी १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये घडवलेले यंत्रही आतील हवेचा दाब कमी करूनच धूळ खेचून घेत असे. दोन्हींचे बळ रिकामेपणात आहे.

अशा टाकून दिलेल्या वस्तू जमवणे हा केवळ छंद नव्हे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह शासनाच्या, म्हणजे समाजाच्या, स्वाधीन केला. जमवणे आणि साठवणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो: साठवणारा वस्तू अडवून ठेवतो, तर जमवणारा तिची दुरुस्ती करून, तिचे कार्य समजून घेऊन, ते ज्ञान पुढील पिढीकडे सोपवतो.

मनाचेही त्या रिकाम्या नळीसारखेच आहे. जे मन अहंकाराने भरलेले नसते, त्यातच दुसऱ्याचा क्षीण स्वर स्पष्ट उमटतो.