धर्म की देणे?

परदेशी नव्याने आलेल्या मनुष्यास सरकारी अर्ज भरण्यास साहाय्य करणे हा दानधर्म समजावा, की त्याचे देणे? पुष्कळांस पहिला पक्ष पटतो. ‘तो आपण होऊन आला, तेथील रीत त्यानेच शिकावी’, असे त्यांचे म्हणणे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या निर्धनास तेथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९६३ च्या गिडियन खटल्याने हा हक्क राज्यांच्या न्यायालयांतही प्रस्थापित झाला. हद्दपारीचे प्रकरण मात्र दिवाणी गणले जाते. तेथे वकील देता येतो, पण स्वखर्चाने. आश्रयाचा अर्ज इंग्रजीतच करावयाचा, आणि १९९६ च्या कायद्यान्वये, काही अपवाद वगळता, आगमनापासून वर्षाच्या आत. म्हणजे खरे दुःखही मुदत हुकल्याने बहुधा निष्फळ व्हावयाचे! ही उणीव काही अंशी धर्मादाय संस्था भरून काढतात. त्यांतील वकील नसलेल्या कार्यकर्त्यांसही न्यायखाते परीक्षून प्रतिनिधित्वाची मान्यता देते.

अशा साहाय्याने खोट्या अर्जांस उत्तेजन मिळेल, ही शंका अगदीच निराधार नव्हे. परंतु प्रामाणिक साहाय्यकाचे काम अर्ज मंजूर करविणे हे नसून खरी हकीकत अधिकाऱ्यास समजेल अशी मांडणे हे होय. ‘तुमचा हक्क पोहोचत नाही’, हेही सांगणे त्यालाच प्राप्त आहे.

जो आज्ञा करतो, त्याने ती समजेल अशी व्यवस्था केली पाहिजे. म्हणून हे साहाय्य देणेच होय. आज ते शेजारी फेडीत आहेत, एवढ्याने मूळ ऋणको मुक्त होत नाही.