ऐकलं कुणी?

सोलापुरात मित्राला 'काय बे' म्हणतात. टॉवेल विकणाऱ्या एका दुकानासाठी मी कॉल रेकॉर्डिंगची सिस्टिम लावली, तर तिने हा 'बे' थेट रागाच्या खात्यात टाकला. फोन संपला की रेकॉर्डिंग सर्व्हरवर जातं, त्याचा मजकूर होतो, मजकुराला मार्क मिळतात, मार्क एक्सेलमध्ये. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलणारी गिऱ्हाइकं तर तिला कायम नाराजच वाटायची. आणि या मार्कांवर फोन घेणाऱ्या ताईंचा इन्सेंटिव्ह ठरणार होता.

'बे' दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. अडलो दुसरीकडेच. एका आजींचा कॉल अकरा मिनिटांचा. ऑर्डरचं बोलणं दोन मिनिटं, बाकी सगळं नवऱ्याच्या आजारपणाचं. ताई मध्ये न तोडता ऐकत होत्या. शीटमध्ये त्यांच्या नावापुढे आलं : 'वेळ जास्त, विक्री नाही'.

'कॉल रेकॉर्ड होत आहे' हे वाक्य सुरुवातीला वाजतं. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच फोनवरचं बोलणं खाजगीपणात धरलं. २०२३ चा डेटा कायदा तर संमती ठरावीक कामापुरतीच मागतो. आजींनी दिली असेल ती टॉवेलसाठी. त्यांच्या दुःखाने ताईंचा पगार मोजायला कधी दिली?

मालक म्हणाले, "अरे, मशीन ऐकतंय, माणूस थोडाच ऐकतोय?" मला नेमकं तेच खुपत होतं. माणसाने ऐकलं असतं, तर ताईंना शाबासकी मिळाली असती.

मी वेळेचा रकाना काढून टाकला. मालकांच्या अजून लक्षात आलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.