परतीच्या वाटेवरील मासा

महाभारताच्या आदिपर्वांत पांडूला शाप झाल्याची कथा आहे. अरण्यांत मृगया करीत असतां त्यानें समागमांत रत असलेल्या एका हरणाच्या जोडप्यावर बाण सोडले. त्यांतील नर म्हणजे मृगरूप घेतलेला किंदम नांवाचा ऋषि होता. मरतांना त्यानें पांडूला दोष दिला, पण तो मृग मारल्याचा नव्हे. राजानें मृगया करावी, हें त्याला मान्यच होतें. त्या वेळीं पांडु थांबला नाहीं, एवढीच त्याची तक्रार होती. लहानपणीं ही कथा ऐकतांना ती तक्रार मला चमत्कारिक वाटे. ज्याचा प्राणच चालला, त्यानें वेळ योग्य होती कीं अयोग्य होती याचा विचार कशाला करावा? त्या तक्रारीचा अर्थ मला थोडाबहुत कळला तो म्हातारपणीं, आणि तोहि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील एका नदीच्या कांठीं.

ऑरेगॉन राज्यांतील पोर्टलंड शहराजवळ माझा पुतण्या राहतो. त्याला गळानें मासे धरण्याचा नाद आहे. ऑक्टोबरांतील एका पहांटे तो मला कोलंबिया नदीच्या एका उपनदीवर घेऊन गेला. आपल्याकडे शरद म्हटला कीं आकाश निवळतें. तिकडे शरदांतच पावसाला आरंभ होतो. त्या पावसानें नद्या चढतात, आणि त्यांच्या मुखांशीं खोळंबलेले कोहो जातीचे सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध वर येऊं लागतात. त्यांच्या वाटेवर गुडघाभर पाण्यांत, हातीं गळाची काठी घेऊन माणसें उभीं असतात. पुतण्या त्यांतलाच एक होता. मी कांठावर एका ओल्या ओंडक्यावर बसून पाहत होतों.

या माशाचें चरित्र थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील प्रश्न ध्यानांत येणार नाहीं. कोहोचा जन्म लहानशा ओढ्याच्या खडींत होतो. वर्षभर किंवा थोडें अधिक गोड्या पाण्यांत काढून तो समुद्राकडे जातो, तेथें दीडएक वर्ष राहून पुष्ट होतो, आणि बहुधा तीन वर्षांचा झाल्यावर आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परत फिरतो. तो ओढा त्याला कसा ओळखूं येतो? आर्थर हॅस्लर व वॉरेन विस्बी या शास्त्रज्ञांनीं वॉशिंग्टन राज्यांतील इसाक्वा येथें वर आलेले कोहो धरले, त्यांपैकीं कांहींच्या नाकपुड्या बंद केल्या, आणि सर्वांना दोन ओढ्यांच्या संगमाखालीं नेऊन सोडलें. ज्यांचें नाक मोकळें होतें ते बहुतेक आपापल्या ओढ्यास लागले. ज्यांचें बंद होतें त्यांना वाट निवडतां आली नाहीं. हा प्रयोग १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. जन्मभूमीचा वास हाच या जिवाचा वाटाड्या होय.

नदींत शिरल्यावर कोहो अन्न घेणें सोडतो. अंगांतील चरबी जाळीत तो वर चढतो. नराचें अंग तांबडें होतें व जबडा आंकड्यासारखा वळतो. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनीं खडींत खळगा करून त्यांत दोन-तीन हजार अंडीं घालते. मग थोड्याच दिवसांत नर व मादी दोन्हीं मरतात. यांतून एकहि सुटत नाहीं.

पुतण्याच्या गळाला पहिला मासा लागला, तेव्हां मीं त्याला विचारलें, "अरे, अंडीं घालावयास निघालेल्या जिवाला असें वाटेंत अडवणें बरें का?"

तो म्हणाला, "काका, नाताळापर्यंत तो मरणारच आहे. मी फार तर त्याला दोन महिने आधीं नेतों."

हा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड दिसतो. पण त्याच्या पोटांत एक लबाडी आहे. मरण जवळ आलें म्हणून मारण्याचा दोष उणा होत असेल, तर माझ्यासारख्या सत्तरी उलटलेल्या माणसानें फार सावध राहिलें पाहिजे! आणि हे दोन महिने इतर कोणत्याहि दोन महिन्यांसारखे नाहींत. मागचीं सारीं वर्षें ज्यासाठीं खर्चीं पडलीं, तें कार्य याच दिवसांत व्हावयाचें असतें. कणसांत दाणा भरण्याच्या ऐन वेळीं कोणी पीक कापून नेलें आणि वर म्हणूं लागला कीं महिन्याभरानें तें सुकणारच होतें, तर शेतकरी त्याला काय म्हणेल? किंदमाची तक्रार हीच होती. आयुष्य किती उरलें आहे, यापेक्षां जें उरलें आहे तें कशासाठीं उरलें आहे, हा प्रश्न मोठा आहे. आणि या माशाचें मरणहि वायां जात नाहीं. त्याचें कलेवर ओढ्यांत कुजतें, त्यावर किडे पोसतात, अस्वलें व पक्षी जगतात, आणि पुढें त्याच ओढ्यांतील कोहोचीं पिलेंहि त्यावर वाढतात.

मीं हें बोलत असतांच पुतण्यानें हातांतील मासा पाण्याबाहेर न काढतां नीट न्याहाळला, गळ सोडविला आणि त्याला जाऊं दिलें. मला वाटलें, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. पण तसें नव्हतें. माशाच्या पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक लहानसा मांसल पर असतो. मत्स्यसंवर्धन-केंद्रांत वाढविलेल्या पिलांचा तो पर लहानपणींच कापून टाकतात. त्या नदीच्या नियमाप्रमाणें ज्याचा पर कापलेला आहे तो मासा न्यावा; ज्याचा पर शाबूत आहे तो रानटी समजून सोडून द्यावा. पहिल्याचा पर शाबूत होता. तासाभरानें दुसरा मिळाला. त्याचा पर कापलेला होता. पुतण्यानें काठीच्या एका घावानें त्याला मारलें.

दोन्ही मासे मला सारखेच दिसले. दोघांची धडपडहि सारखीच होती. मग एकाला अभय आणि एकाला मरण, हा न्याय कोणता? विचार केला तेव्हां ध्यानांत आलें कीं हा नियम व्यक्तीचा नव्हे, वंशाचा आहे. धरणें बांधलीं, जंगलें तोडलीं, आणि रानटी कोहोचा वंश क्षीण झाला. कोलंबियावरील ग्रँड कूली धरण १९४२ सालीं पुरें झालें. त्याला माशांसाठीं वाटच ठेवलेली नाहीं, म्हणून वरचा सारा मुलूख सॅमनला कायमचा बंद झाला. अशा हानीची भरपाई म्हणून माणसानें केंद्रांत अंडीं उबवून मासे सोडण्याचा उद्योग वाढविला. म्हणजे आधीं आपण वाट बंद केली, मग भरपाईचे मासे निर्माण केले, आणि शेवटीं त्यांच्याच अंगावर मरणाची खूण केली. तरीहि मी या नियमाला हंसणार नाहीं. पांडूला न सुचलेलें थांबणें त्यांत आहे. तो निष्पाप नाहीं, पण शहाणा आहे.

सोडून देण्याची गोष्ट मात्र मला इतकी सरळ वाटत नाहीं. कोहो नदींत अन्न घेत नाहीं. तो आमिषावर झडप घालतो ती बहुधा चिडून. त्याला दमेपर्यंत ओढावयाचें, हातीं धरून छायाचित्र काढावयाचें आणि मग दया केली म्हणून सोडावयाचें, यांत दया किती व करमणूक किती? सोडलेल्यांपैकीं कांहीं मागाहून मरतातहि. मी स्वतः मासे खाणारा आहें, म्हणून साळसूदपणाचा आव आणीत नाहीं. पण भुकेसाठीं घेतलेल्या जिवाचा हिशेब खेळासाठीं छळलेल्या जिवाच्या हिशेबापेक्षां मला स्वच्छ वाटतो.

त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांनीं हा हिशेब फार पूर्वीं मांडला होता. मोसमांतील पहिला सॅमन ते विधिपूर्वक वांटून खात व त्याचीं हाडें पुन्हां पाण्यास अर्पण करीत. कित्येक जमातींत तो विधि होईपर्यंत मासेमारी थांबे, आणि तेवढ्या अवधींत पुष्कळ मासे वर निघून जात. १८५४ च्या मेडिसिन क्रीक येथील तहांत वॉशिंग्टनमधील कांहीं जमातींनीं भूमि दिली, पण मासे धरण्याचा हक्क राखला. तो पुढें पायांखालीं तुडविला गेला, आणि १९७४ सालीं न्यायमूर्ति जॉर्ज बोल्ट यांनीं तहांतील जमातींना धरण्याजोग्या माशांचा निम्मा वांटा मिळाला पाहिजे असा निकाल दिला. ज्यांनीं आधीं थांबण्याची रीत पाळली, त्यांनाच आपल्या वांट्यासाठीं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

त्या रात्रीं सूनबाईंनीं तो दुसरा मासा शिजविला. मी तो खाल्ला, आणि तो रुचकर होता हें लपवीत नाहीं. जेवतांना पुतण्यानें एक गोष्ट सांगितली. सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत कित्येक वर्षें शरदांतील पावसानंतर कोहो अंडीं घालण्यापूर्वींच भोवंडून मरत. कांहीं ओढ्यांत तर परतलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक. २०२० सालीं त्याचें कारण उघडकीस आलें. मोटारीच्या टायरचें रबर टिकावें म्हणून त्यांत जें एक द्रव्य घालतात, त्याचा हवेंतील ओझोनशीं संयोग होऊन विष बनतें. टायर झिजून त्याची धूळ रस्त्यावर पडते, आणि ज्या पावसाच्या हांकेनें कोहो घरीं परततो, तोच पाऊस ती धूळ ओढ्यांत नेतो.

मी घांस हातांत धरून बसलों. सकाळपासून पुतण्याला मी नीति शिकवीत होतों. त्यानें एक मासा मारला होता. तो डोळ्यांनीं पाहून, पर तपासून, मोजून मारला होता. मी एकहि मारला नव्हता. पण त्या नदीपर्यंत जाऊन येण्यास आम्हीं सत्तर मैल मोटार हांकली होती, आणि वाटेंत सारखा पाऊस पडत होता. गळ टाकणाऱ्याला निदान थांबतां येतें, कारण त्याच्यासमोर मासा असतो. ज्याच्यासमोर मासाच नाहीं, त्यानें कोणत्या क्षणीं थांबावें?

पांडूला आपला बाण कोठें लागला तें दिसलें होतें, आणि किंदमाला बोलतां येत होतें.