गाठीचं मूळ गाव

स्तनात गाठ हाताला लागली की घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात एकच निदान येऊन बसतं. बहुतेक वेळा ते खरं निघतं, आणि पंचाईत तिथेच आहे. स्तनात सापडणाऱ्या कर्करोगांपैकी शंभरात एखाद-दुसरा मुळात स्तनाचा नसतोच. तो दुसरीकडून आलेला असतो, आणि कधीकधी त्याचं मूळ गाव फुफ्फुस असतं.

बाईने विडी-सिगारेटला कधी हात लावलेला नसला की फुफ्फुसाकडे कोणी बघत नाही. खोकला असला तरी तो हवाबदलाचा, नाहीतर टीबीचा. मॅमोग्राफीत गाठ गोल, रेखीव काठाची, अगदी साधी वाटावी अशी दिसू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अवयवांचे ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींचे कर्करोग, एकमेकांची सहज नक्कल करतात. स्तनाच्या गाठीत नेहमी तपासले जाणारे ईआर, पीआर, हर-२ हे रिसेप्टर तिन्ही निगेटिव्ह आले की ‘ट्रिपल निगेटिव्ह’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो; पण फुफ्फुसातून आलेली गाठही बहुधा असाच रिपोर्ट देते.

फरक कळतो तो आणखी काही रंगचाचण्यांनी. टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए ही प्रथिनं रंगली तर संशय फुफ्फुसावर, गाटा-३ रंगलं तर बहुधा स्तनावर. एकाच चाचणीवर मात्र कोणी विसंबत नाही. आणि या चाचण्या शंका आल्याशिवाय कोण मागवणार? पॅथॉलॉजिस्टच्या हाती येतो फॉर्मॅलिनमधला दोऱ्याएवढा तुकडा आणि एक फॉर्म. त्यावर ‘डाव्या स्तनात गाठ’ एवढंच खरडलेलं असेल तर छातीतली सावली त्याला कशी दिसावी? माझ्या मते खरी उणीव यंत्रांची नाही, त्या अर्ध्या ओळीची आहे.

लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनकर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून रोग कुठे पसरतो ते पाहिलं आणि कर्करोगाचं ‘बी’ रुजायला अवयवाची ‘जमीन’ही महत्त्वाची असते असं मांडलं. इथे स्तनच ती जमीन होतो. तिथे हे बी क्वचितच रुजतं, म्हणून तर कोणाच्या ध्यानात येत नाही.

चुकीची किंमत मोठी. रोग आधीच पसरलेला असताना स्तन काढून सहसा काही साधत नाही. उलट फुफ्फुसाचं निदान झालं तर ईजीएफआर जनुकातला बदल तपासता येतो. धूम्रपान न करणाऱ्या आशियाई स्त्रियांत तो बराच आढळतो. तो असेल तर ओसिमर्टिनिबसारखी रोजची गोळी मिळते. तिने रोग सहसा मुळासकट जात नाही, पण पुष्कळदा बराच काळ आटोक्यात राहतो.

म्हणून बायोप्सीला जाताना छातीचे जुने एक्स-रे आणि सीटी स्कॅन बरोबर न्या, लांबलेला खोकला सांगा, आणि तो फॉर्मवर लिहायला लावा.